संग्रहालयातील यवन आणि पूर्णाकाठचा स्तूप

बुलडाणा जिल्ह्यातील पालीच्या अभ्यासवर्गात आम्हाला एक प्रश्न वारंवार विचारला जातो. आपल्या भागात रोमन लोक आले होते काय? विचारणाऱ्याच्या स्वरात कुतूहल असते, तशी थोडी आशाही असते. रोमशी संबंध सिद्ध झाला म्हणजे आपल्या गावाला इतिहास मिळाला, अशी ती आशा. या प्रश्नाचे उत्तर वस्तूंच्या समोर उभे राहूनच द्यावे, या हेतूने आम्ही काही विद्यार्थ्यांसह तेर येथे गेलो, परतताना भोकरदनची पांढर पाहिली आणि अखेरीस आपल्याच जिल्ह्यातील भोन येथे, पूर्णेच्या काठी, येऊन थांबलो. या प्रवासात जे दिसले त्यापेक्षा ते कोणत्या दृष्टीने पाहिले जाते, याचाच विचार आम्हाला अधिक करावा लागला. प्रस्तुत लेख त्या दृष्टीची समीक्षा आहे.

धाराशिव जिल्ह्यातील तेर हे तेरणा नदीकाठचे गाव. वारकऱ्यांसाठी ते गोरोबाकाकांचे गाव आहे. पुरातत्त्वज्ञांसाठी ते प्राचीन तगर आहे. इ. स. च्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीक लेखकाने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या सागरी व्यापाराचे जे वर्णन लिहून ठेवले, ते ‘पेरिप्लस’ या नावाने प्रसिद्ध आहे. त्यात पैठण आणि तगर या दक्षिणापथाच्या दोन मोठ्या बाजारपेठा म्हणून येतात. भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर, असे तो सांगतो. तगरहून साधे जाडेभरडे कापड आणि तलम मलमल गाड्यांवर लादून भडोचला जात असे, अशीही त्याची नोंद आहे.

तेरच्या संग्रहालयामागे रामलिंगप्पा लामतुरे या एका स्थानिक गृहस्थाचे आयुष्यभराचे श्रम आहेत. गावात, शेतात, पांढरीवर सापडणाऱ्या वस्तू त्यांनी जमविल्या, जपल्या, आणि त्यांच्याच नावाचे शासकीय संग्रहालय आज तेथे आहे. विद्यापीठांच्या आधी एका खेडूताने इतिहास ओळखला, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी अशी आहे. मण्यांच्या राशी, शंखाच्या बांगड्या, पकवमृत्तिकेच्या मूर्ती, पांढऱ्या केओलीन मातीच्या दुहेरी साच्यातून काढलेल्या बाहुल्या, आणि तेरची ती विख्यात हस्तिदंती स्त्रीमूर्ती, हे सारे पाहून माणूस थक्क होतो.

परंतु या संग्रहाविषयी जे काही बोलले व लिहिले जाते त्यात एक शब्द इतर सर्व शब्दांना झाकून टाकतो. तो शब्द म्हणजे ‘रोमन’. आमच्या विद्यार्थ्यांनीही आत पाऊल टाकताच पहिला प्रश्न केला तो ‘रोमन वस्तू कोणत्या?’ असाच. दोष त्यांचा नाही. कोल्हापूरचेच उदाहरण घ्या. तेथे ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४५ च्या सुमारास कांस्यवस्तूंचा साठा मिळाला. त्यातील ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन याची छोटी मूर्ती टाउन हॉल संग्रहालयाचे भूषण ठरली आणि ब्रह्मपुरीचे नाव घेताच तीच आठवते. त्याच कोल्हापुरात एकोणिसाव्या शतकात एका स्तूपातून दगडी करंडक निघाला. त्यावरील लहानशा ब्राह्मी लेखात दान देणाऱ्या ‘बम्ह’ याचे आणि तो करंडक करविणाऱ्या ‘धमगुत’ याचे नाव आहे. पोसायडनची मूर्ती घडविणाऱ्या कारागिराचे नाव कोणालाच ठाऊक नाही. धम्मगुत्ताचे नाव दगडावर स्पष्ट कोरलेले आहे, तरी ते कोल्हापुरातील किती शाळकरी मुलांना सांगितले जाते?

‘रोमन’ या शब्दाचे हे वजन आले कोठून, हे पाहिले पाहिजे. सर मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४५ मध्ये पुदुच्चेरीजवळ अरिकमेडू येथे उत्खनन केले आणि १९५४ मध्ये रोमन साम्राज्याच्या सीमेपलीकडील रोमविषयी ग्रंथ लिहिला. त्यांच्या कार्याने दक्षिण भारताच्या कालगणनेला भक्कम आधार मिळाला, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण त्याबरोबर एक सवयही लागली. भारतीय स्थळावर सुबक, गुळगुळीत, नक्षीदार काही निघाले की त्याचे मूळ भूमध्य समुद्राकाठी शोधावयाचे. पुढील संशोधनाने या सवयीला अनेकदा धक्का दिला. ज्या चक्रांकित नक्षीच्या खापरांना व्हीलर यांनी रोमन प्रभावाची खूण मानले ती भांडी भारतातच घडविली जात होती, हे नंतरच्या अभ्यासातून पुढे आले. भारतातील अनेक स्थळांवर रोमन मद्यकुंभांची म्हणून नोंदविलेली काही खापरे प्रत्यक्षात मेसोपोटेमियाकडील निमुळत्या कुंभांची आहेत, असेही अलीकडील तपासणीत आढळले. रोमन सम्राटाच्या नाण्यावरून उठविलेली मातीची पदके तेरसारख्या स्थळांवर मिळतात. पण त्यांना कडी आहे, ती गळ्यात घालण्यासाठी आहेत, आणि ती इथल्याच कुंभाराने केली आहेत. परक्या राजाचे मुख इथल्या माणसाने दागिन्यासाठी वापरले. याला रोमन अवशेष म्हणावे, की दक्षिणापथातील कारागिराच्या चातुर्याचा अवशेष म्हणावे?

‘रोमन’ हा शब्द दुसऱ्या अर्थानेही सैल आहे. या व्यापारात उतरलेले बरेचसे लोक इजिप्तमधील ग्रीकभाषी व्यापारी होते. आपल्या शिलालेखांनी आणि पाली वाङ्मयाने त्यांना ‘यवन’ वा ‘योन’ म्हटले. आणि येथे आम्हाला जो मुद्दा मांडावयाचा आहे तो असा: संग्रहालयातील यवन हा एक रिकामा कुंभ आहे, एक नाणे आहे, एक दिवा आहे. पाली वाङ्मयातील यवन मात्र हाडामांसाचा माणूस आहे, आणि त्याला आपल्या विचारात विशिष्ट स्थान आहे.

मज्झिम निकायातील अस्सलायन सुत्त आठवावे. ब्राह्मण हाच श्रेष्ठ वर्ण, असा दावा घेऊन तरुण पंडित अस्सलायन भगवंतांकडे येतो. त्याला निरुत्तर करताना भगवंत योन व कम्बोज या सीमेवरील देशांचा दाखला देतात. तेथे दोनच वर्ग आहेत, अय्य आणि दास. आणि अय्य असलेला दास होतो, दास असलेला अय्य होतो, हे तू ऐकले आहेस ना, असा प्रश्न ते करतात. अस्सलायनाला होय म्हणावे लागते. जी व्यवस्था एका देशात आहे व दुसऱ्यात नाही, जी एकाच माणसाच्या आयुष्यात बदलू शकते, ती ब्रह्मदेवाच्या मुखातून निघालेली असणे शक्य नाही, हा त्यामागचा तर्क आहे. योन देश आदर्श होता असे सुत्त म्हणत नाही. दास तेथेही होतेच. परंतु परदेशाच्या अस्तित्वानेच चातुर्वर्ण्याची दैवी सनद खोटी ठरते. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेचे मूळ शोधताना जी तौलनिक दृष्टी वापरली, तिचे बीज या सुत्तात दिसते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

पुढे महावंसात मोग्गलिपुत्त तिस्स थेरांनी निरनिराळ्या प्रदेशांत धम्मदूत पाठविल्याचा वृत्तांत येतो. महारट्ठात महाधम्मरक्खित थेर आले. अपरान्तात, म्हणजे आपल्या कोकणपट्टीत, आले ते धम्मरक्खित थेर योन होते. कोकणात धम्म सांगावयास आलेला उपदेशक जन्माने यवन आहे, ही परंपरा सिंहलद्वीपाच्या भिक्खूंनी जपली. मिलिन्दपञ्हातील राजा मिलिंद अलसन्द नावाच्या द्वीपात जन्मल्याचे सांगतो. तो यवन राजा आहे, आणि त्याची थोरवी राज्याच्या विस्तारात नसून प्रश्न विचारण्याच्या धैर्यात आहे. छत्रपती संभाजीनगर येथील, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादच्या, महाविद्यालयास बाबासाहेबांनी मिलिंदाचे नाव दिले आणि त्या परिसरास नागसेनवन म्हटले. विद्यार्थ्याने मिलिंदासारखे विचारावे, शिक्षकाने नागसेनासारखे उत्तर द्यावे, एवढा अर्थ त्या दोन नावांत सामावला आहे.

लेण्यांतील लेखांत यवन दाता म्हणून भेटतो. कार्ल्याच्या चैत्यगृहातील कित्येक स्तंभ धेनुकाकटच्या यवनांचे दान आहेत, आणि त्या यवनांची नावे प्राकृत वळणाची आहेत. जुन्नर येथे इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या, म्हणजे पाण्याची टाकी, दान दिल्या. डोंगर चढून आलेल्या तहानलेल्या माणसाला पाणी मिळावे म्हणून परदेशी वंशाच्या माणसाने केलेले ते दान आहे. ज्या देशात पुढे पाण्याला शिवण्याचा हक्क मिळविण्यासाठी १९२७ मध्ये महाडला सत्याग्रह करावा लागला, त्या देशातील हा लेख आहे. संग्रहालयात मद्यकुंभाच्या तुकड्याशेजारी या दोन पोढ्यांची माहिती लावली तर प्रेक्षकाच्या मनात यवनाचे वेगळेच चित्र उभे राहील.

आता भोकरदन. जालना जिल्ह्यातील हे गाव बुलडाणा जिल्ह्याच्या सीमेला लागून आहे. प्राचीन भोगवर्धन ते हेच. १९७३ मध्ये नागपूर व मराठवाडा या दोन विद्यापीठांनी शां. भा. देव आणि र. श. गुप्ते यांच्या नेतृत्वाखाली येथे उत्खनन केले. त्यात एका हस्तिदंती मूर्तीचा खालचा भाग मिळाला: मध्ये स्त्री आणि दोन बाजूंना दोन परिचारिका. अशीच रचना असलेली पूर्ण मूर्ती १९३८ मध्ये इटलीतील पाँपेई येथे सापडली होती. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात ते नगर राखेखाली गाडले गेले, म्हणजे मूर्ती त्यापूर्वीची. ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिला ‘लक्ष्मी’ हे नाव चिकटले. पुढे अनेक विद्वानांनी ती यक्षी असावी असे म्हटले. तेर, भोकरदन आणि पाँपेई येथील मूर्तींचे साम्य पाहून ही कला दक्षिणापथातील असावी असे मत मांडले गेले.

हे ऐकून आमच्या एका विद्यार्थ्याने उत्साहाने म्हटले, “म्हणजे सर, पाँपेईला आपली बौद्ध मूर्ती गेली होती!” तेथेच आम्हाला त्याला थांबवावे लागले. या लेखात आम्ही इतरांच्या सवयीवर टीका करीत आहोत. आपल्या सवयीलाही सवलत मिळता कामा नये. पाँपेईच्या मूर्तीच्या डोक्यातून आरपार छिद्र आहे. ती आरशाची मूठ किंवा आसनाचा पाय असावी. पूजेची ती नव्हेच. तिच्या पायाशी खरोष्ठी अक्षर आहे आणि खरोष्ठी ही वायव्येकडील लिपी, त्यामुळे तिचा प्रवास सरळ भोकरदनहून पाँपेईस झाला असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. सापडले ते सारे बौद्ध, असे म्हणणे आणि सापडले ते सारे रोमन, असे म्हणणे या एकाच दोषाच्या दोन बाजू आहेत. ऐकीव गोष्टीवर, परंपरेवर वा गुरूच्या शब्दावर विसंबू नका, असे कालामांना सांगणाऱ्या शास्त्याच्या अनुयायांनी तरी पुराव्याच्या पुढे एक पाऊलही टाकू नये.

पुरावा आहे तेथे मात्र संकोचही करू नये. सांचीच्या स्तूपावरील दानलेखांत भोगवर्धनच्या उपासक-उपासिकांची दाने आहेत. त्याच सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या दन्तकारांनी, हस्तिदंताचे काम करणाऱ्या कारागिरांनी, शिल्पकाम केल्याचा लेख आहे. भरहुतच्या स्तूपावर भोजकटच्या दिगनागा नावाच्या भिक्खुणीचे दान नोंदलेले आहे. आणि भोजकट हा वऱ्हाडचा प्रदेश, हे वाकाटकांच्या चम्मक ताम्रपटावरून निश्चित होते. हे सर्व एकत्र वाचले म्हणजे चित्र स्पष्ट होते. हस्तिदंत कोरणारे हात, कापड विणणारे हात, गाड्या हाकणारे सार्थवाह आणि त्यांच्या मिळकतीतून दूरच्या स्तूपाला दान देणारी सामान्य माणसे, असा तो समाज होता. रोमचा व्यापारी अशा समाजाच्या बाजारात आला होता. प्लिनीने भारताकडे दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स वाहून जातात म्हणून कुरकुर केली. ते धन ज्यांच्या श्रमांच्या मोबदल्यात आले त्यांतील काहींची नावे आपल्याला दगडावर वाचता येतात. पाहुण्याच्या नावाने घर ओळखण्याची रीत म्हणूनच सोडली पाहिजे. रोमन लोक येथे आले होते काय, या प्रश्नाच्या आधी, ते आले तेव्हा येथे कोण राहत होते, हा प्रश्न विचारावयास हवा.

तेरमध्येही हा प्रश्न गैरलागू नाही. तेथील उत्खननात विटांच्या स्तूपाचे अवशेष मिळाले. गावातील त्रिविक्रमाचे गजपृष्ठाकार विटांचे मंदिर मूळचे बौद्ध चैत्यगृह असावे, असे मत अनेक अभ्यासकांनी मांडले आहे. पण तेरला निदान संग्रहालय आहे. वस्तू गावात आहेत. आज अर्थ चुकला तरी उद्या दुसरा कोणी तो दुरुस्त करू शकेल. भोनची गोष्ट याहून गंभीर आहे.

संग्रामपूर तालुक्यातील भोन येथे या शतकाच्या पहिल्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने डॉ. बी. सी. देवतारे यांच्या मार्गदर्शनाखाली उत्खनन केले. आद्य ऐतिहासिक काळातील मोठी वसाहत तेथे उजेडात आली. विटांचा स्तूप निघाला. मातीची वलये एकावर एक रचून केलेल्या विहिरी निघाल्या. विटांनी बांधलेला कालवा निघाला, आणि तो शेतीच्या पाण्यासाठी असावा असा उत्खननकर्त्यांचा निष्कर्ष आहे. विदर्भातील पवनीच्या स्तूपांइतकेच हे स्थळ आमच्या इतिहासात मोलाचे आहे. आणि हे स्थळ पूर्णेवरील जिगाव प्रकल्पाच्या बुडित क्षेत्रात येते.

येथे सोपी भूमिका घेणे आम्हाला शक्य नाही. पूर्णेचे हे खोरे खारपाणपट्टा आहे. संग्रामपूर, जळगाव जामोद भागातील माणसे पिढ्यान्‌पिढ्या खारे पाणी पीत आली, आणि मूत्रपिंडाच्या विकारांनी तेथील कितीतरी घरे उद्ध्वस्त झाली. त्यांना गोडे पाणी हवे आहे, कोरडवाहू शेताला ओल हवी आहे. त्यांत आमचे धम्मबांधवही आहेत. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हणून रोहिणीच्या पाण्यावरून झालेला शाक्य-कोलियांचा कलह मांडला. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ या काळात त्यांनी दामोदर खोऱ्यासारख्या नदी-प्रकल्पांच्या आखणीत भाग घेतला. धरण नको, असे म्हणणारा आंबेडकरी अनुयायी बाबासाहेबांच्या या कार्याकडे पाठ फिरवितो. दोन हजार वर्षांपूर्वी भोनच्या लोकांनीही स्तूप उभारला आणि कालवाही बांधला. एकाच विटेने त्यांनी दोन्ही कामे केली.

मग पाणी की स्तूप, असा पेच आपल्यापुढे कोण ठेवतो? देशात पूर्वोदाहरण आहे. कृष्णेवरील नागार्जुनसागर धरणामुळे नागार्जुनकोंडा बुडणार हे ठरल्यावर १९५४ ते १९६० या काळात तेथे विस्तृत उत्खनन झाले. महत्त्वाचे स्तूप, विहार व इतर वास्तू उंच जागी पुन्हा उभारण्यात आल्या आणि तेथेच संग्रहालय झाले. नागार्जुनकोंड्यालाही रोमन सोन्याची नाणी मिळाली होती, पण ते संग्रहालय ओळखले जाते ते तेथील बौद्ध शिल्पांमुळे. पाणी मिळाले आणि इतिहासही राहिला. जे कृष्णाकाठी सत्तर वर्षांपूर्वी झाले ते पूर्णाकाठी अशक्य आहे, असे म्हणणाऱ्याने त्याचे कारण द्यावे.

मात्र वास्तू हलविली म्हणजे कर्तव्य संपले, असे समजू नये. जागेवरून उचललेला स्तूप हा विटांचा ढीग होतो, जर त्याच्याबरोबर त्याची नोंद गेली नाही तर. प्रत्येक थराचे रेखाटन, कालव्याचा व स्तूपाचा परस्परसंबंध, विहिरींची मांडणी, हे सारे नव्या जागी सांगितले गेले पाहिजे. आणि ती जागा शंभर कोसांवर न राहता त्याच तालुक्यात असावी. उत्खननातील वस्तू अभ्यासासाठी शहरात जातात ही रीतच आहे, पण अभ्यास पूर्ण झाल्यावर त्यांतील प्रातिनिधिक वस्तू भोनच्या मुलांना एस.टी.ने जाऊन पाहता आल्या पाहिजेत. तेथे भाषा मराठी असावी, लेखांचे मूळ पाठ व सरळ अर्थ द्यावेत, आणि कारागिराचे, दात्याचे, भिक्खुणीचे नाव ठाऊक असेल तेथे ते राजाच्या नावाआधी लिहावे.

यातील काही काम शासनाचे आहे आणि त्यासाठी निवेदने, पाठपुरावा, प्रसंगी सनदशीर आंदोलन करावेच लागेल. पण काही काम आपल्या विहारांचे आहे. जिल्ह्यातील प्रत्येक विहारात वर्षावासाच्या तीन महिन्यांत एक दिवस आपल्या परिसरातील पांढरी, जुन्या विटा, लेणी यांची माहिती लिहून काढण्यासाठी द्यावा. सापडलेली वस्तू उचलून घरी नेऊ नये. ती कोठे, किती खोल, कशाशेजारी सापडली याची नोंद करून पुरातत्त्व खात्यास कळवावे. धम्मगुत्ताने करंडकावर दोन नावे कोरून ठेवली म्हणून ती आपल्यापर्यंत पोहोचली. भोनचा स्तूप बांधणाऱ्यांनी विटांखेरीज काही मागे ठेवलेले नाही. त्या विटा पाण्याखाली जाण्यापूर्वी निदान त्या कोठे, कशा रचल्या होत्या, एवढे तरी आपण सर्वांनी मिळून जपून ठेवावे.